टेक्सासमधल्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच काउंटीच्या टॅक्स ऑफिसचं बिल येतं आणि डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी ग्रुपांवर दरवर्षीचे प्रश्न सुरू होतात. "एवढं कसं वाढलं?" "कुणी प्रोटेस्ट केलाय का?" "आता करता येईल का?" तोवर वेळ निघून गेलेली असते. घराचं मूल्य 1 जानेवारीच्या स्थितीवरून ठरतं, त्याची नोटीस गुढीपाडव्याच्या आगेमागे किंवा त्यानंतर थोड्या दिवसांत येते आणि हरकत घ्यायची, म्हणजे प्रोटेस्टची, मुदत बहुतेकांसाठी 15 मेच्या सुमारास संपते. दिवाळीत हातात पडतो तो फक्त हिशोब.

ह्या लेखात कामं त्यांच्या क्रमाने दिली आहेत. सगळे नियम टेक्सासचे आहेत. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी ह्या तारखा आणि सवलती आपल्या घराला लावू नयेत. तिथली पद्धत पूर्ण वेगळी आहे.

## 1. कोणतं कार्यालय काय करतं, ते आधी समजून घ्या

निम्मे घोळ इथेच होतात. आपण "काउंटीचा टॅक्स" म्हणतो खरं, पण बिलात काउंटीचा वाटा बहुधा छोटाच असतो. सर्वांत मोठा वाटा शाळेचा, म्हणजे तुमच्या आयएसडीचा (स्थानिक शाळा जिल्ह्याचा). मग शहर, काउंटी, कम्युनिटी कॉलेज, काही ठिकाणी हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट आणि नव्या वसाहतींत म्यूड, म्हणजे पाणी-सांडपाण्याच्या सोयींसाठी नेमलेला स्थानिक जिल्हा. टेक्सास राज्य स्वतः घरावर कर लावत नाही.

तीन वेगळे हात ह्या कामात असतात:

- अप्रेझल डिस्ट्रिक्ट (कॉलिन, डेंटन, हॅरिस, फोर्ट बेंड, ट्रॅव्हिस अशी प्रत्येक काउंटीची एक) घराचं मूल्य ठरवते आणि सवलतींचे अर्ज मंजूर करते.
- शाळा, शहर, काउंटी वगैरे संस्था आपापला दर ठरवतात. तो 100 डॉलर मूल्यामागे किती डॉलर, असा सांगतात.
- काउंटीचं टॅक्स ऑफिस बिल पाठवतं आणि पैसे घेतं.

म्हणून टॅक्स ऑफिसच्या खिडकीवर "माझं मूल्य जास्त लावलंय" म्हणून उपयोग नाही, आणि अप्रेझरसमोर "शाळेचा दर फार आहे" म्हणूनही नाही. समोरच्या माणसाच्या हातात ती गोष्टच नसते. चुकीच्या दारात उभं राहून सुनावणीची अख्खी वेळ घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

तपासा: आपल्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून घराचं पान उघडा आणि प्रॉपर्टी आयडी लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला तो लागणार आहे.

## 2. तीन आकडे वेगळे वाचायला शिका

घराच्या पानावर तीन मूल्यं दिसतात. ती एकच समजली की पुढचं सगळं चुकतं.

मार्केट व्हॅल्यू म्हणजे 1 जानेवारीला घर विकलं असतं तर काय आलं असतं, ह्याचा डिस्ट्रिक्टने केलेला अंदाज. जमीन आणि बांधकाम ह्यांचे आकडे वेगळे देऊन त्यांची बेरीज केलेली असते.

अप्रेझ्ड व्हॅल्यू म्हणजे मर्यादा लावल्यानंतरचा आकडा. स्वतः राहत्या घराला होमस्टेड, म्हणजे मालक स्वतः राहतो त्या घराची करसवलत, मिळालेलं असेल, तर हा आकडा गेल्या वर्षीच्या अप्रेझ्ड व्हॅल्यूपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. स्विमिंग पूल किंवा जादा खोली असं नवं बांधकाम त्यात वेगळं मिळवतात. मार्केट व्हॅल्यू वीस टक्क्यांनी चढली तरी इथे दहाच धरतात.

टॅक्सेबल व्हॅल्यू म्हणजे त्यातून सवलती वजा करून उरलेला आकडा. हा प्रत्येक संस्थेसाठी वेगळा असतो, कारण प्रत्येकीची सवलत वेगळी.

उदाहरण घेऊ. दर समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे वेगळे असतील. मार्केट 6,00,000 डॉलर, अप्रेझ्ड 5,50,000.

- शाळा: 5,50,000 वजा 1,40,000 म्हणजे 4,10,000. दर 1.05. कर 4,305 डॉलर.
- काउंटी: 20 टक्के सवलत धरून 4,40,000. दर 0.15. कर 660 डॉलर.
- शहर: सवलत नाही असं धरू. 5,50,000 वर दर 0.42. कर 2,310 डॉलर.
- कॉलेज: 5,50,000 वर दर 0.08. कर 440 डॉलर.

एकूण 7,715 डॉलर. असाच हिशोब एकदा कागदावर स्वतःच्या घराचा करा. पंधरा मिनिटं लागतात आणि पुन्हा कधी बिल कोड्यासारखं वाटत नाही.

सावधान: जुनं घर विकत घेताना विक्रेत्याचं टॅक्स बिल पाहून बजेट करू नका. त्याची 10 टक्क्यांची मर्यादा त्याच्याबरोबर जाते. तो 65 वर्षांवरचा असेल तर त्याचा शाळेचा कर गोठवलेला असतो, तोही तुम्हाला मिळत नाही. पुढच्या 1 जानेवारीला तुमचं घर पूर्ण बाजारभावावर येतं. लिस्टिंगच्या पानावर "वार्षिक कर" म्हणून दिसणारा आकडा अनेकदा ह्याच कारणाने फसवा असतो.

## 3. होमस्टेडचा अर्ज: घर घेतल्यावरचं पहिलं काम

क्लोजिंगला, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या व्यवहाराला, शंभर कागदांवर सह्या होतात, त्यामुळे होमस्टेडही त्यातच झालं असावं असं पुष्कळजण धरून चालतात. ते आपोआप होत नाही. टायटल कंपनी करत नाही, बँक करत नाही, रिअल्टरही करत नाही. अर्ज तुम्हालाच अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे करायचा असतो. फॉर्म 50-114, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरता येतो.

मिळतं काय? शाळेच्या करासाठी मूल्यातून 1,40,000 डॉलर वजा. ही रक्कम 2023 पासून एक लाख होती. नोव्हेंबर 2025 च्या मतदानानंतर ती 2025 च्याच करवर्षापासून वाढली. शहर-काउंटी आपापल्या मर्जीने 20 टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात. आणि दुसऱ्या पायरीत सांगितलेली 10 टक्क्यांची मर्यादा. चढत्या बाजारात हीच सर्वांत जास्त पैसे वाचवते. होमस्टेड मिळाल्याच्या पहिल्या वर्षी ही मर्यादा लागत नाही, त्याच्या पुढच्या वर्षापासून लागते. म्हणून अर्ज एक वर्ष लांबला की मर्यादाही एक वर्ष लांबते.

क्रम असा ठेवा:

1. आधी ड्रायव्हर्स लायसन्सवरचा पत्ता बदला. लायसन्स किंवा टेक्सास आयडीवर ह्याच घराचा पत्ता लागतो. अर्ज परत येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.
2. घर दोघांच्या नावावर असेल तर डीडवर (मालकीच्या दस्तावर) नावं कशी आहेत ते पाहा. मधलं नाव, आडनाव, स्पेलिंग तसंच अर्जात लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं, लायसन्सवर नसतं आणि डीडवर तिसरंच काही छापलेलं असतं. फरक असेल तर अर्जासोबत दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडा.
3. अर्ज भरा, लायसन्सची प्रत जोडा, पावती जपून ठेवा.
4. काही आठवड्यांनी घराच्या पानावर सवलतीच्या रकान्यात होमस्टेड दिसतंय का ते पाहा. दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

मुदत साधारणपणे 30 एप्रिलपर्यंत. चुकली तर हताश होऊ नका: तो कर थकीत ठरण्याच्या तारखेनंतर दोन वर्षांपर्यंत उशिरा अर्ज करता येतो आणि भरलेला जास्तीचा कर परत मिळतो. 2022 पासून आणखी एक सोय आहे. वर्षाच्या मध्यात घर घेतलं आणि आधीच्या मालकाने त्या वर्षी तीच सवलत घेतलेली नसेल, तर पुढच्या जानेवारीची वाट न पाहता लगेच अर्ज करता येतो.

वारंवार येणारे तीन प्रश्न:

*एच-1बी वर आहोत, होमस्टेड मिळेल का?* मिळेल. नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही. घर व्यक्तीच्या मालकीचं हवं आणि ते तुमचं मुख्य राहतं घर हवं.

*वर्षभरासाठी पुण्याला जातोय, सवलत जाईल का?* दोन वर्षांपेक्षा कमी काळासाठी गेलात, परतायचा इरादा आहे आणि दुसरीकडे मुख्य घर केलं नाही, तर सवलत टिकते. मध्ये घर भाड्याने द्यायचं असेल तर आधी डिस्ट्रिक्टला विचारा.

*आई-बाबा 65 च्या वर आहेत, सहा महिने आमच्याकडे असतात. त्यांची सवलत लागेल का?* 65 वर्षांवरच्यांची सवलत मालकाला मिळते, घरात राहणाऱ्या प्रत्येकाला नाही. ज्याचं नाव डीडवर आहे आणि ज्याचं हेच मुख्य घर आहे, त्यालाच. केवळ ह्या सवलतीसाठी आई-बाबांचं नाव डीडवर चढवू नका. वारसा, गिफ्ट टॅक्स आणि गहाणखत, तिन्हीकडे गुंतागुंत होते. तुम्ही स्वतः मालक असाल आणि 65 पूर्ण करत असाल, तर मात्र त्या वर्षी वेगळा अर्ज नक्की करा. शाळेच्या करात आणखी 60,000 डॉलर वजा होतात आणि त्या घराचा शाळेचा कर गोठतो.

सावधान: घर घेतल्यावर काही आठवड्यांत सरकारी दिसणारी पत्रं येतात, "होमस्टेड नोंदणीसाठी अमुक डॉलर पाठवा." पैसे पाठवू नका. अर्जाला फी नसते. ह्याच्या उलट, डिस्ट्रिक्टकडून पुनर्तपासणीचं खरं पत्रही येऊ शकतं. 2023 च्या कायद्याने प्रत्येक होमस्टेड निदान पाच वर्षांतून एकदा तपासणं त्यांना बंधनकारक केलं आहे. जाहिरात समजून ते फेकलं, तर सवलत रद्द होते. शंका आली की पत्रावरचा नंबर न वापरता डिस्ट्रिक्टच्या साइटवरून नंबर घेऊन फोन करा.

## 4. नोटीस आली की त्याच आठवड्यात हे करा

 पुष्कळजण नोटीस वरवर वाचतात आणि कागद बाजूला ठेवतात. तुम्ही दोन गोष्टी शोधा: प्रोटेस्टची शेवटची तारीख, आणि मार्केट व अप्रेझ्ड हे दोन आकडे. तारीख साधारणपणे 15 मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून 30 दिवस, ह्यांतली जी नंतर येईल ती. नोटिशीवर छापलेलीच धरा आणि फ्रिजवर लिहून लावा.

मग साइटवर घराचं पान उघडून बांधकामाचा तपशील ओळीओळीने तपासा. चौरस फूट, बाथरूमची संख्या, गॅरेज, कव्हर्ड पॅशिओ, पूल, बांधकामाचं वर्ष, दर्जाची श्रेणी. बिल्डरच्या नकाशाशी ताडून पाहा. वरच्या मजल्यावरची मोकळी जागा राहण्याच्या क्षेत्रात धरलेली असणं, न बांधलेला पॅशिओ नोंदलेला असणं, हे घडतं. अशी चूक सापडली तर तो तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा, कारण त्यावर मतभेदाला जागाच नसते.

तपासा: होमस्टेड लागलेलं दिसतंय का? नसेल तर प्रोटेस्टच्या आधी तिसऱ्या पायरीवर परत जा.

## 5. प्रोटेस्टचा फायदा किती, हे आधी मोजा

प्रोटेस्ट करायला पैसे लागत नाहीत, आणि केल्यामुळे मूल्य वाढवलं जाईल ही भीतीही निराधार आहे. हरकती ऐकणारं रिव्ह्यू बोर्ड नोंदीतल्या मूल्यापेक्षा जास्त लावू शकत नाही. तरीही काय मिळणार हे आधी कळलेलं बरं.

वरचंच उदाहरण घ्या. मार्केट 6,00,000, अप्रेझ्ड 5,50,000. खूप तयारी करून तुम्ही मार्केट 5,60,000 वर आणलंत. बिलात फरक किती? शून्य. कर 5,50,000 वर लागतो आणि तुम्ही त्याच्या वरच थांबलात. यंदा एक डॉलर वाचवायचा तर मार्केट 5,50,000 च्या खाली यायला हवं.

मग करू नये का? मला वाटतं, दोन्ही आकड्यांत थोडंच अंतर असेल तर करावा. पुढच्या वर्षी अप्रेझ्ड 6,05,000 पर्यंत जाऊ शकतो, आणि तेव्हा मार्केटचा आकडा खालचा राहिला तर तोच तुमची मर्यादा ठरतो. अंतर एक-दीड लाखाचं असेल तर नोंदीतल्या चुका तेवढ्या दुरुस्त करून घ्या आणि वेळ वाचवा. नव्याने घर घेतलेल्यांना मर्यादा लागलेली नसते, दोन्ही आकडे सारखेच असतात. त्यांनी प्रोटेस्ट हमखास करावा. भाड्याने दिलेलं घर असेल तर होमस्टेडची 10 टक्क्यांची मर्यादा नाही. 2024 ते 2026 ह्या तीन करवर्षांसाठी अशा मालमत्तेला 20 टक्क्यांची तात्पुरती मर्यादा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

अंदाजासाठी: सगळे दर मिळून 2 टक्के असतील तर मूल्यात 10,000 डॉलर कमी झाले की साधारण 200 डॉलर वाचतात.

सावधान, एजंट नेमताना: वाचवलेल्या रकमेचा टक्का घेणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. करारात "बचत" कशी मोजणार ते वाचा. मार्केट व्हॅल्यूतली घट धरून फी लावणारा करार असेल, तर वरच्या उदाहरणात बिल एका डॉलरनेही न उतरता तुम्हाला फी भरावी लागेल. प्रत्यक्ष वाचलेल्या करावरच फी, असं लिहिलेलं असेल तरच सही करा. आणि करार दरवर्षी आपोआप पुढे चालू राहतो का, तेही पाहा.

## 6. प्रोटेस्ट दाखल करा, मग पुरावा जमवा

क्रम महत्त्वाचा. पुरावा पूर्ण व्हायची वाट पाहत मुदत घालवू नका. दाखल करताना पुरावा लागत नाही. ऑनलाइन भरा किंवा फॉर्म 50-132 पाठवा. कारणांत दोन खुणा करा: एक, मूल्य बाजारभावापेक्षा जास्त आहे, दोन, इतर मालमत्तांच्या तुलनेत असमान मूल्य लावलं आहे. एकच खूण केली तर सुनावणीत दुसरा मुद्दा मांडायला अडचण येते. मांडणी दोन्ही बाजूंनी करायची आहे, म्हणून खुणाही दोन्ही.

त्याच वेळी डिस्ट्रिक्टचा पुरावा मागून घ्या. तुम्ही मागितलात तर सुनावणीच्या निदान 14 दिवस आधी तो द्यावा लागतो, आणि मागूनही न दिलेला पुरावा त्यांना सुनावणीत वापरता येत नाही. त्यांनी कोणती घरं तुलनेला घेतली ते कळलं की निम्मी तयारी झाली. तळ्याकाठचं घर, पूल असलेलं घर, नुकतंच स्वयंपाकघर नवं केलेलं घर तुमच्या साध्या घराशी जोडलेलं असतं. ते फोटोसह दाखवा.

बाजारभावाचा पुरावा. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला कळवण्याची सक्ती नाही, त्यामुळे ती सार्वजनिक नोंदीत सापडत नाही. रिअल्टरला सांगून आपल्या सबडिव्हिजनमधल्या विक्रींची यादी काढून घ्या. 1 जानेवारीच्या जितक्या जवळच्या तितक्या चांगल्या. आधीच्या सहा महिन्यांतल्या सर्वांत उपयोगी. गेल्या वर्षात घर घेतलं असेल आणि किंमत नोटिशीपेक्षा कमी असेल, तर क्लोजिंगचं स्टेटमेंट हाच सर्वांत चांगला कागद. किंमत नोटिशीपेक्षा जास्त असेल तर तो स्वतःहून पुढे करण्याचं कारण नाही. असमान मूल्याच्या मुद्द्यावर भर द्या.

असमान मूल्याचा पुरावा. घरबसल्या स्वतः करता येतो, आणि माझ्या मते सामान्य घरमालकासाठी हाच जास्त कामाचा. डिस्ट्रिक्टच्या साइटवर सगळ्या शेजाऱ्यांची मूल्यं खुली असतात. शक्य तर त्याच बिल्डरची, दोन-तीन वर्षांच्या आगेमागे बांधलेली, चौरस फुटांत दहा टक्क्यांच्या आत असलेली पाच ते दहा घरं निवडा. तक्ता बनवा: पत्ता, वर्ष, चौरस फूट, जमिनीचं मूल्य, बांधकामाचं मूल्य, बांधकामाचा प्रति चौरस फूट दर. पूल, तिसरं गॅरेज अशा फरकांसाठी आकडा वरखाली करा आणि का केला ते एका ओळीत लिहा. मग सरासरीऐवजी मध्यक काढा, म्हणजे उतरत्या क्रमाने लावून मधला आकडा. कायदा मध्यकच पाहतो.

सावधान: शेजाऱ्याची मार्केट व्हॅल्यू घ्या, अप्रेझ्ड नको. पंधरा वर्षं राहणाऱ्या शेजाऱ्याची अप्रेझ्ड व्हॅल्यू मर्यादेमुळे खूप खाली असते. तो आकडा तक्त्यात घातला की समोरचा अप्रेझर पहिल्याच मिनिटाला तक्ता बाद करतो, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. मला आलेल्या तक्त्यांमध्ये सर्वांत जास्त दिसलेली चूक हीच.

घराच्या अवस्थेचा पुरावा. फाउंडेशनची तडे गेलेली भिंत, छताची गळती, जुनं एसी युनिट. तारखेचे फोटो आणि कंत्राटदाराचं लेखी कोटेशन, दोन्ही हवं. नुसते फोटो दाखवले तर खर्चाचा आकडा समोरच्याने लावायचा राहतो, आणि तो तुमच्या सोयीचा लागणार नाही. अवस्था 1 जानेवारीची धरतात. एप्रिलच्या गारपिटीत छत फुटलं असेल तर तो मुद्दा पुढच्या वर्षाचा.

## 7. आधी बोलणी, मग बोर्ड

बहुतेक डिस्ट्रिक्ट सुनावणीच्या आधी अप्रेझरशी अनौपचारिक बोलणं करू देतात. काही ठिकाणी ऑनलाइन प्रस्ताव येतो, एका बटणाने स्वीकारायचा. पहिल्या प्रस्तावावर बटण दाबण्याची घाई करू नका. एकदा स्वीकारलात की त्या वर्षाचं प्रकरण तिथेच संपतं. आपल्या तक्त्याचा मध्यक आणि प्रस्ताव शेजारी ठेवून पाहा. प्रस्ताव मध्यकाच्या जवळ असेल तर घ्या.

नसेल तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे एआरबी. हे स्थानिक नागरिक असतात, डिस्ट्रिक्टचे कर्मचारी नसतात. सुनावणीची सूचना निदान 15 दिवस आधी येते. एजंट न नेमता स्वतः लढणाऱ्याला एकदा तारीख पुढे ढकलून घेता येते. प्रत्यक्ष, फोनवर किंवा व्हिडिओवर हजर राहता येतं. फोन-व्हिडिओचा पर्याय आधी लेखी मागावा लागतो आणि पुरावा शपथपत्रासोबत सुनावणीआधी पोचवावा लागतो.

वेळ थोडा असतो. असं बोला:

1. घराचा पत्ता आणि तुम्ही मागत असलेला नेमका आकडा. "कमी करा" नव्हे, "5,38,000 करा."
2. नोंदीतली चूक, असेल तर.
3. तक्ता आणि त्याचा मध्यक.
4. दुरुस्तीचं कोटेशन.
5. डिस्ट्रिक्टच्या तुलनेतल्या घरांतले फरक.

पगार, नोकरी गेली, मुलांची फी, गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढ झाली, हे बोलू नका. बोर्डाला सहानुभूती असली तरी त्या कारणांवर मूल्य बदलण्याचा अधिकार नाही, आणि तुमची मिनिटं त्यात जातात. कागदाच्या पुरेशा प्रती न्या: बोर्डाला, अप्रेझरला, स्वतःला. फोनच्या स्क्रीनवर दाखवून भागत नाही, पुरावा त्यांच्या दप्तरात राहावा लागतो. मूल्य बरोबर आहे हे सिद्ध करण्याचा भार सर्वसाधारणपणे डिस्ट्रिक्टवर असतो. म्हणून घाबरून बोलण्याचं कारण नाही, आणि इंग्रजी अस्खलित नसलं तरी तक्ता स्वच्छ असेल तर काम होतं.

निर्णय पटला नाही तर लेखी आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत बंधनकारक लवाद किंवा जिल्हा न्यायालय. होमस्टेडच्या लवादासाठी अनामत मूल्याप्रमाणे 450 किंवा 500 डॉलर. साध्या घरासाठी न्यायालय क्वचितच परवडतं.

## 8. ऑगस्टमध्ये दर

मूल्याचं काम उन्हाळ्यात संपलं की संस्था दर ठरवतात. काउंटीच्या ट्रुथ इन टॅक्सेशन साइटवर प्रत्येक संस्थेचा प्रस्तावित दर आणि जनसुनावणीची तारीख दिसते. दराविषयी बोलायची जागा हीच. मतदानाचा हक्क नसलेल्यांनाही सुनावणीत बोलता येतं.

## 9. बिल, एस्क्रो आणि 31 जानेवारी

बिलं ऑक्टोबरपासून येतात आणि 31 जानेवारीपर्यंत भरायची असतात. 1 फेब्रुवारीला 6 टक्के दंड आणि 1 टक्का व्याज, मिळून 7 टक्के लागतात, आणि दर महिन्याला वाढत जातात. जुलैत हे 18 टक्क्यांवर पोचतं, वर वसुलीच्या वकिलाचे 20 टक्क्यांपर्यंत. "बिल आलंच नाही" हे कारण कायद्याने चालत नाही. ह्यूस्टनकडे म्यूडचं बिल अनेकदा वेगळ्या कार्यालयातून येतं. काउंटीचं भरून निर्धास्त होऊ नका.

आता नव्या बांधकामाचा सापळा, कारण आपली पुष्कळ माणसं नवंच घर घेतात. समजा घर जूनमध्ये पूर्ण झालं. 1 जानेवारीला तिथे मोकळा प्लॉट होता, म्हणून त्या वर्षीचं बिल फक्त जमिनीचं, समजा 1,800 डॉलर. बँकेची एस्क्रो शाखा, म्हणजे हप्त्याबरोबर कराचे पैसे साठवून कर भरणारी शाखा, तेच धरून मासिक हप्ता बसवते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं, समजा 9,000. खात्यात तेवढे पैसे नसतात, बँक स्वतः भरते आणि मग हप्ता दोन बाजूंनी चढतो: तुटलेली रक्कम फेडायची आणि पुढचा पूर्ण करही साठवायचा. वरच्या आकड्यांत 7,200 डॉलरची तूट बारा महिन्यांत फेडायला महिना 600, आणि पुढचा कर साठवायला आणखी 600. हप्ता एकदम 1,200 ने वाढतो. आमच्या पहिल्या घरात आम्ही हे भोगलं, आणि त्या वर्षी भारतात जायची तिकिटं रद्द केली.

त्यावर उपाय पहिल्याच महिन्यात करायचा:

1. घराची किंमत गुणिले एकूण दर, त्यातून होमस्टेडचा फायदा वजा करून खरा वार्षिक कर काढा.
2. त्याला बाराने भागा आणि एस्क्रोत जमा होणाऱ्या कराच्या रकमेशी ताडून पाहा.
3. बँकेला लिहून पूर्ण मूल्यावर एस्क्रो बसवायला सांगा. त्यांनी नकार दिला तर फरकाची रक्कम दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाका आणि तिला हात लावू नका.
4. वर्षाच्या एस्क्रो स्टेटमेंटमध्ये तूट दिसली तर एकरकमी भरता येते का ते विचारा. मग हप्ता फक्त नव्या कराइतकाच वाढतो. बँकेला साधारण दोन महिन्यांच्या रकमेइतकी उशी ठेवण्याची मुभा आहे, त्याहून जास्त मागितली तर हिशोब मागा.

सावधान: होमस्टेड उशिरा मंजूर झालं किंवा प्रोटेस्टमध्ये मूल्य उतरलं, तर सुधारित बिल बँकेपर्यंत पोचलं का ते स्वतः पाहा. जुन्या बिलाने पैसे गेले तर परतावा मिळतो, पण चेक कोणाच्या नावे आणि कोणत्या पत्त्यावर गेला ह्याच्या मागे लागावं लागतं.

कर बँक भरत असली तरी 20 जानेवारीच्या सुमारास टॅक्स ऑफिसच्या साइटवर आपलं खातं उघडा. बाकी रक्कम शून्य दिसली तर पावती उतरवून घ्या. फेडरल रिटर्नला ती लागेल, आणि वजावट पैसे प्रत्यक्ष भरले त्या वर्षाची धरतात. बाकी दिसत असेल तर त्याच दिवशी बँकेला फोन करून भरल्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक लिहून घ्या. तोवर हातात दहा दिवस असतात.